प्लानाल्तोसमोरचे कुंपण

१३ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री ब्राझीलची राजधानी ब्राझिलियातल्या तीन सत्तांच्या चौकात एका माणसाने स्फोट घडवले आणि सर्वोच्च न्यायालयासमोर त्यातच त्याचा जीव गेला. लगोलग न्यायालयाभोवती लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अशाच जाळ्या तिथून समारंभाने काढल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष, संसदेचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीश, तिघेही त्यासाठी हजर राहिले होते. मोकळा झालेला चौक साडेनऊ महिनेच टिकला. चौकाच्या एका बाजूला न्यायालय आहे, समोरच्या बाजूला राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय, म्हणजे प्लानाल्तो प्रासाद. एका बाजूला जाळी लागली की दुसऱ्या बाजूला लागायला वेळ लागत नाही. म्हणून प्रश्न सरळच विचारायला हवा: वास्तुरचनाकार ओस्कार निमायर यांनी काचेत आणि संगमरवरात उभी केलेली, जवळजवळ उघडी अशी ही सत्तेची इमारत आजच्या काळात तशीच उघडी ठेवायची की तिच्याभोवती कायमचे कुंपण घालायचे?

ती उघडीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. पण त्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण मला पटत नाही. काच म्हणजे पारदर्शकता, पारदर्शकता म्हणजे लोकशाही, म्हणून काचेची इमारत लोकशाहीची, असे ते कारण. ते फार भाबडे आहे आणि ब्राझीलच्या इतिहासाने ते केव्हाच खोटे पाडले आहे. माझे कारण वेगळे आहे, आणि ते मांडण्याआधी इमारत नीट पाहायला हवी.

राजधानी किनाऱ्यावरून हलवून देशाच्या मध्यभागी न्यायची, ही कल्पना ब्राझीलमध्ये जुनी. १८९१ च्या राज्यघटनेतच त्यासाठी मधल्या पठारावरची जमीन राखून ठेवली होती. प्रत्यक्षात ती आणली जुसेलिनो कुबिशेक यांनी. पाच वर्षांत पन्नास वर्षांची प्रगती, ही त्यांची घोषणा. १९५६ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पठारावर त्यांच्या मुक्कामासाठी एक साधे लाकडी घर दहा दिवसांत उभे राहिले. १९५७ मध्ये नगररचनेची स्पर्धा झाली. ती लुसियो कोस्ता यांनी जिंकली आणि सरकारी इमारती निमायर यांच्याकडे आल्या. प्लानाल्तोचे काम १९५८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्घाटन झाले तेव्हा इमारत उभी होती. दोन वर्षेही लागली नाहीत.

कोस्तांनी चौक त्रिकोणी आखला. एका टोकाला संसद: अठ्ठावीस मजल्यांचे जुळे मनोरे, त्यांच्या दोन बाजूंना सिनेटचा घुमट आणि प्रतिनिधिगृहाचा उताणा वाडगा. दुसऱ्या टोकाला न्यायालय, तिसऱ्याला राष्ट्राध्यक्ष. तिघांनी एकमेकांना सतत दिसत राहावे, कोणी कोणावर चढू नये, हा विचार नकाशावरच काढलेला. प्लानाल्तो अवघा चार मजल्यांचा आहे. आडवा, लांब, पांढरा. सपाट छत चारी बाजूंनी बाहेर आलेले, आत काचेची भिंत, आणि छत व जमीन यांच्यामध्ये पांढऱ्या संगमरवराने मढवलेले खांब. या खांबांजवळ थोडे थांबायला हवे. जगभरच्या राजवाड्यांत खांब तळाशी जाड असतात. इमारत जमिनीत घट्ट रोवलेली आहे, ती हलणार नाही, हे त्यांनी सांगायचे असते. निमायरांनी नेमके उलटे केले. हे खांब जमिनीकडे जाताना निमुळते होत जातात आणि जेमतेम टेकतात. एवढी मोठी इमारत जमिनीवर अलगद ठेवल्यासारखी दिसावी, हा त्यांचा हट्ट होता. तो गणितात बसवला जोआकिम कार्दोझो या अभियंत्याने, आणि हा अभियंता कवीही होता. सत्तेने वजन दाखवू नये, ही गोष्ट काँक्रीटमध्ये इतक्या स्पष्टपणे मांडलेली मला दुसरीकडे दिसत नाही.

आणि मग रॅम्प. चौकातून निघून पहिल्या मजल्यावरच्या दाराशी जाणारी पांढरी, सरळ, चढती वाट. शेजारी भाषणासाठी एक उंच सज्जा. नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेऊन आला की हा रॅम्प चढतो आणि त्याच्या गळ्यात हिरवा-पिवळा पट्टा घातला जातो. ब्राझीलच्या राजकारणात रॅम्प चढणे म्हणजे सत्तेवर येणे, इतका तो लोकांच्या बोलण्यात रुळला आहे. रोजच्या कामाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. कर्मचारी आणि मंत्री इतर दारांनी ये-जा करतात, रॅम्पवर झगझगीत गणवेशातले पहारेकरी उभे असतात. सत्ता जनतेच्या पातळीवरून वर जाते आणि परत त्याच पातळीवर उतरते, हे दाखवण्यासाठीच तो बांधलेला आहे.

आता आक्षेप. एप्रिल १९६४ मध्ये, इमारत चार वर्षांची असताना, लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर एकवीस वर्षे पाच जनरल एकामागून एक याच काचेच्या इमारतीतून राज्य करत राहिले. चौकापलीकडची संसद डिसेंबर १९६८ मध्ये बंद केली गेली ती जवळजवळ दहा महिने. १९७७ मध्ये ती पुन्हा काही दिवस बंद पडली. लोकांना पकडले गेले, छळले गेले, माणसे नाहीशी झाली. निमायर १९४५ पासून कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. त्यांना देशात काम करणे अशक्य झाले आणि ते पॅरिसला गेले. त्यांच्या काचेने कोणाला वाचवले? खांब जमिनीवर अलगद टेकले होते म्हणून हुकूमशाहीचे वजन कमी झाले का? उलट १९७२ मध्ये लष्करी राजवटीने चौकाच्या मागे शंभर मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला. आडव्या, शांत चौकात एक प्रचंड उभी रेघ आली आणि ती आजही तिथे आहे.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. इमारत कोणाला लोकशाहीवादी करत नाही. आधुनिकतावादी वास्तुरचनेच्या भक्तांनी हे कबूल करायला कधीच कचरू नये. बांधणाऱ्याचा हेतू आणि वापरणाऱ्याची वागणूक या वेगळ्या गोष्टी आहेत.

पण इथेच थांबले तर अर्धेच सत्य हाती लागते. लष्करी राजवटीचा शेवट बघा. १५ मार्च १९८५ ला शेवटचे जनरल राष्ट्राध्यक्ष फिगेइरेदो यांना नागरी उत्तराधिकारी सार्नी यांच्याकडे सत्ता सोपवायची होती. त्यांनी पट्टा द्यायला नकार दिला आणि ते मागच्या दाराने निघून गेले. ही गोष्ट चाळीस वर्षांनंतरही ब्राझीलमध्ये सांगितली जाते, आणि ती सांगता येते याचे कारण तो रॅम्प. इमारतीला सर्वांसमोर उतरायची एक वाट होती, म्हणून ती टाळणे उघड्यावर पडले. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असला तर कोणी त्याचा अर्थ लावत बसत नाही, वाडे बंदच असतात. प्लानाल्तोला ती मुभा नाही. तिथे बंद केलेली प्रत्येक गोष्ट बंद केलेली म्हणूनच दिसते.

माझे कारण हे आहे. या वास्तूचा मोठेपणा ती सत्तेला पारदर्शक करते यात नाही, ते तिला जमणारही नाही. सत्ता लोकांपासून दूर सरकते तेव्हा ते लपवायची सोय ही वास्तू ठेवत नाही, यात तिचा मोठेपणा आहे. सत्तेच्या इमारतीकडून मला याहून जास्त अपेक्षा नाही आणि याहून कमीही चालणार नाही.

१ जानेवारी २०२३ ला हेच पुन्हा दिसले. निवडणुकीत लुलांकडून हरलेले मावळते राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो पट्टा द्यायला थांबले नाहीत, दोन दिवस आधीच ते अमेरिकेत फ्लोरिडाला निघून गेले होते. मग लुला रॅम्प चढले ते आठ सामान्य-असामान्य माणसांबरोबर. त्यांत आदिवासींचे वयोवृद्ध नेते राओनी होते, एक लहान मुलगा होता, एक अपंग कार्यकर्ता होता. पट्टा हातोहात पुढे गेला आणि कचरा वेचणाऱ्या कामगारांमधल्या एका तरुण स्त्रीने तो लुलांच्या गळ्यात घातला. हा प्रसंग योजून केलेला होता हे उघड आहे. पण रॅम्प नसता तर योजायला काही उरलेच नसते. त्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या जागेत कोणाला उभे करायचे, हा प्रश्न इमारतीने विचारला आणि कोणाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागले.

आठवड्याने, ८ जानेवारीला, बोल्सोनारोंचे हजारो समर्थक लष्कराच्या मुख्यालयासमोरच्या छावणीतून चालत आले आणि संसद, न्यायालय व प्लानाल्तो या तिन्ही इमारतींत घुसले. रविवार होता, इमारती रिकाम्या होत्या. काचा फुटल्या. चित्रकार दि काव्हालकांती यांच्या १९६२ च्या मोठ्या चित्रावर सात ठिकाणी वार झाले. ब्रूनो जॉर्जी यांचे बासरीवादकाचे ब्राँझचे शिल्प मोडून तुकडे झाले. फ्रेंच दरबाराने पोर्तुगालच्या दों जुआंव सहाव्यांना भेट दिलेले, बाल्थाझार मार्तिनो यांनी घडवलेले सतराव्या शतकातले घड्याळ एका माणसाने जमिनीवर आपटले. स्वित्झर्लंडच्या कारागिरांच्या मदतीने ते दुरुस्त होऊन २०२५ च्या जानेवारीत परत आले. त्या दिवसाची दृश्ये पाहताना माझा जीव तुटला. चित्रांसाठी तुटला, तितकाच त्या रॅम्पसाठीही. सत्तेने लोकांसाठी ठेवलेल्या वाटेवरून लोकांच्याच मताचा निकाल उधळायला माणसे चढत होती.

त्यानंतर जे म्हटले जाऊ लागले ते स्वाभाविक होते: काचेची इमारत, मोकळा चौक, अडवायला काही नाही, म्हणून हे झाले. निमायरांच्या काळातला भाबडेपणा आता परवडत नाही. कुंपण घाला.

हे निदान चुकीचे आहे. ८ जानेवारीला काच कमी पडली नाही, माणसे कमी पडली, आणि त्यांतली काही मुद्दाम कमी पडली. मोर्चाला पोलिसांनी सोबत करत चौकाच्या दिशेने आणले. राजधानी जिल्ह्याचे सुरक्षा सचिव त्या दिवशी फ्लोरिडात होते. हे गृहस्थ आधीच्या सरकारात न्यायमंत्री होते. जिल्ह्याच्या गव्हर्नरना न्यायालयाने पदावरून तात्पुरते दूर केले. खुद्द प्रासादाच्या सुरक्षेचे प्रमुख असलेल्या मंत्र्यांनाही, त्या दिवशीचे आतले चित्रीकरण बाहेर आल्यावर, एप्रिलमध्ये पद सोडावे लागले. अडथळे तर होतेच. कोणी उभे राहायचे नाही असे ठरले की कुठलाही अडथळा ढकलता येतो. संसदेची आणि न्यायालयाची इमारतही त्याच दुपारी फुटली. दोष चौकाच्या आकारात असता तर तो १९६० पासून रोज दिसला असता. जून २०१३ मध्ये निदर्शक संसदेच्या छतावर चढले, घुमटाशेजारी उभे राहून घोषणा देत राहिले आणि उतरले. तोच चौक, तेच उतार. लोक सत्तेच्या डोक्यावर उभे राहिले आणि राज्य कोसळले नाही.

आणि ९ जानेवारीच्या संध्याकाळचे काय? त्या दिवशी लुलांनी देशभरच्या गव्हर्नरांना प्लानाल्तोत बोलावले. बैठक संपल्यावर वेगवेगळ्या, एकमेकांना शिव्या घालणाऱ्या पक्षांची ही माणसे रॅम्प उतरली आणि काचांचा खच पडलेला चौक ओलांडून पायी न्यायालयाच्या इमारतीत गेली. जिथे एका सत्तेपासून दुसऱ्या सत्तेपर्यंत चालत जाता येते अशाच चौकात हे होऊ शकते. मधोमध तटबंदी असती तर गाड्यांचा ताफा गेला असता आणि त्याने देशाला काहीच सांगितले नसते.

कुंपणाची सवय कशी लागते हे पाहण्यासाठी आपल्याला ब्राझीलपर्यंत जायची गरज नाही. १९३६ मध्ये रिओतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीसाठी वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए सल्लागार म्हणून आले, तेव्हा कोस्तांच्या चमूत तरुण निमायर होते. त्याच कॉर्बुझिएंनी पुढे चंडीगडचा कॅपिटॉल परिसर केला: विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय, आणि मध्ये पायी फिरण्यासाठी अफाट मोकळे पटांगण. १९९५ च्या ऑगस्टमध्ये सचिवालयाबाहेरच्या बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग मारले गेले. सुरक्षा वाढवणे तेव्हा अटळ होते. पण तीसेक वर्षांनंतरही ते पटांगण नागरिकांचे झालेले नाही. ओळखपत्र दाखवून, परवानगी काढून, मार्गदर्शकाबरोबर जाऊन ते बघायचे. २०१६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वारसा जपला गेला, त्यातला नागरिक मात्र वगळला गेला. संकटाच्या वेळी आलेले कुंपण संकट सरल्यावर जायला हवे, ही तारीख कोणी ठरवतच नाही. मुंबईत मंत्रालयाच्या आतल्या चौकात २०१८ मध्ये जाळी बसवली, कारण माणसे दाद मागायला येऊन जीव देऊ लागली होती. जीव वाचवणारी जाळी बसवायलाच हवी होती. पण जाळी बसली की दाद लागली असे होत नाही, हे लक्षात ठेवायची जबाबदारी मग कोणीच घेत नाही.

प्लानाल्तोच्या बाबतीतही हे हळूहळू घडत आले आहे. इमारतीसमोरचे पाण्याचे तळे मूळ रचनेत नव्हते. ते १९९१ मध्ये आले. कोरड्या हवेत ओलावा राहावा आणि कोणी सरळ इमारतीपर्यंत येऊ नये, अशी दोन्ही कामे ते करते. खोली जेमतेम ११० सेंटिमीटर, आत रंगीत मासे. मला हे तळे मान्य आहे. इमारत झाकल्याशिवाय तिचे रक्षण करायचे असेल तर असे करावे: पाणी, पातळीतला फरक, दगडी बाक, बारकाईने ठेवलेले खांब आणि मुख्य म्हणजे आज्ञा पाळणारे, राज्यघटनेशी इमान राखणारे पहारेकरी. सुरक्षेला माझा विरोध नाही. चौक आणि इमारत यांच्यात कायमची जाळी ठोकून आपल्या पोलीस यंत्रणेतला दोष वास्तुरचनेच्या नावावर लिहिण्याला माझा विरोध आहे.

इथवर मी निमायर आणि कोस्ता यांची बाजू घेतली. पण एक हिशेब त्यांच्या नावावर बाकी आहे, आणि तो जाळीपेक्षा मोठा आहे. हा चौक ज्यांच्यासाठी मोकळा ठेवला ते लोक जवळपास राहतच नाहीत. राजधानी बांधणारे मजूर बहुतांशी ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातून आलेले. दिवसरात्र पाळ्या लावून त्यांनी ती उभी केली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे, जॉर्जी यांचेच, आठ मीटर उंचीचे शिल्प प्लानाल्तोसमोर आहे. पण माणसांना आराखड्यात घर नव्हते. राजधानीचे उद्घाटन व्हायच्या आधीच, १९५८ मध्ये, त्यांच्यासाठी दूर तागुआतिंगा वसवावे लागले. १९७१ मध्ये लष्करी राजवटीत झोपड्या हटवून सुमारे ८० हजार लोकांना आणखी लांब, सेइलांजियाला नेऊन टाकले. ते अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे आहे. चौकात झाडाची सावली जवळजवळ नाही. कोरड्या ऋतूत दुपारी तिथे पाच मिनिटे उभे राहणेही जिकिरीचे होते. बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. मोकळी जागा आणि लोकांची जागा यांतला फरक या दोन थोर वास्तुरचनाकारांनी पुरेसा ओळखला नाही, असे मला वाटते. निमायरांना तर सावलीहून आकाराचे प्रेम जास्त होते. २००९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांनी याच परिसरात शंभर मीटरचा तिरपा स्तंभ असलेला आणखी एक चौक सुचवला. वारसा म्हणून संरक्षित आराखड्याला धक्का लागेल म्हणून लोकांनी विरोध केला, आणि तो विरोध बरोबर होता.

म्हणून मूळ आराखड्यात काहीही बदलू नका, असे मी म्हणत नाही. जागतिक वारशाचा १९८७ चा दर्जा राखूनही करता येण्यासारखे बरेच आहे. कुंपण नको म्हणणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये. प्लानाल्तो रविवारी लोकांना आतून पाहता येतो. तो आठवड्यातून निदान दोन दिवस पाहता यावा, आणि ८ जानेवारीला भोसकलेले ते चित्र आणि दुरुस्त झालेले ते घड्याळ, काय घडले ते सांगणाऱ्या फलकासह, त्या फेरीत असावे. चौकाच्या कडेला, दृष्टीच्या रेषेत न येता, सावली आणि पाणी द्यावे. तात्पुरती जाळी लावायची वेळ आलीच तर ती कोणत्या तारखेला निघणार हे लावतानाच जाहीर करावे, आणि मुदत वाढवायची असेल तर संसदेत कारण सांगून वाढवावी.

आणि सर्वांत आधी प्रवासाचे बघावे. सेइलांजियाहून येणारी मेट्रो शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकाखाली येऊन थांबते, पुढे जात नाही. तिथून चौक अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि वाटेत दोन्ही बाजूंना मंत्रालयांच्या एकसारख्या इमारतींमधून जाणारे रणरणते हिरवळीचे पट्टे. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबाला हे अंतर चालत काटावे लागते किंवा दुसऱ्या बसची वाट बघावी लागते. जाळ्यांवर आणि कॅमेऱ्यांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग या अडीच-तीन किलोमीटरवर, सुट्टीच्या दिवशी दर दहा मिनिटांनी धावणाऱ्या फुकट बसवर करावा, ही मागणी ब्राझिलियाच्या नागरिकांनी लावून धरावी.